ज्येष्ठमध

मनगट इकडे दे, ओइवा. नाही, डावं.
घड्याळ टेबलावर ठेवलंय, तुझ्या वडिलांचं,
त्याचा सेकंदकाटा अजून धड आहे.

बाहेर उणे सव्वीस.
बर्फ ताणला की तळं मध्यरात्री कण्हतं.
पूर्वी त्या आवाजानं मला जाग यायची,
आता तू कूस बदलली नाहीस, तरी येते.

गेल्या उन्हाळ्यात नर्स वाउलाने दंडाला पट्टा आवळला,
एकशे बहात्तर म्हणाली, आणि पुन्हा आवळला.
एक गोळी मिळाली, सकाळची, पाणी काढणारी.
तू म्हणालास, चला, आता योएन्सूच्या रस्त्यावरचा
एकेक बर्च आपल्या ओळखीचा होणार.
त्याच आठवड्यात सिगारेट सोडलीस.
छप्पन्न वर्षांची सिगारेट, एका मंगळवारी.
मी गावभर सांगत सुटले.

तोंडाला चाळा हवा, म्हणून दर शुक्रवारी
मीच आणायची त्या काळ्या गोळ्या, सालमियाक्की,
ज्येष्ठमधाच्या, वरून खारट.
डबी कोटाच्या खिशात. लाकडं फोडताना खुळखुळ,
नावेला डांबर लावताना खुळखुळ.
तू कुठे आहेस ते मला स्वयंपाकघरातून कळायचं.

सप्टेंबरात एकशे अठ्ठ्याहत्तर.
गोळी दुप्पट झाली.
ऑक्टोबरात पोटऱ्यांत गोळे,
तू म्हणालास, वय.
नोव्हेंबरात सौनातून बाहेर आलास, पायरीवर बसलास,
अंगातून वाफ निघत होती,
आणि म्हणालास, हिल्या,
छातीत कुणी मासा सोडलाय. जिवंत.

काळजाचा ठोका चुकला, असं मीही म्हणत आलेय,
रात्री फोन वाजला की, दूध उतू गेलं की सुद्धा.
त्या रात्री तुझ्या बरगडीला कान लावला
आणि खराच चुकलेला ऐकला:
दोन घाईचे. मग काही नाही.
काही नाही.
मग एक, दार लाथेनं उघडावं तसा.

डॉक्टरीण पोरगेलीशी, केसांत पेन्सिल खोचलेली.
पोटॅशियम दोन पूर्णांक सहा, म्हणाली,
जसं कुणी तापमान सांगावं.
औषधं विचारली, मी यादी दिली.
मग विचारलं, गोड काय खातात?
तू माझ्याकडे पाहिलंस.
मी खुंटीवरच्या कोटाकडे.

तिनं कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं:
पाण्याबरोबर ते क्षारही वाहून जातं,
ज्याच्यावर ठोक्यांची रांग सरळ राहते.
ज्येष्ठमध तेच करतो, वर प्रेशरही चढवतो.
प्रेशर चढलं म्हणून गोळी वाढली,
गोळी वाढली म्हणून.
तिथे तिची पेन्सिल थांबली.

एका हाताने गोळी दिली मी,
दुसऱ्या हाताने गोळी दिली मी.
दोन्ही वेळा तू तोंड उघडलंस.

आता नवी आहे, पांढरी, अर्धी,
सुरीनं मोडायची, घोडा सावकाश हाकणारी.
हात गार पडतात तुझे. स्वप्नात
कधी न पाहिलेली माणसं येतात म्हणतोस,
आणि चहा मागतात.
रेडिओवर हॉकी हरली तरी परवा शिवी दिली नाहीस.
इतका शांत तू झालायस की ती अर्धी गोळी,
हे मला कुणाला विचारता येत नाही.

काल कोट उन्हात टाकला.
खिशाच्या भोकातून अस्तरात घसरलेली
एक काळी गोळी सापडली, लोकर चिकटलेली.
फेकणार होते.
माझं प्रेशर एकशे अठरा आहे, ओइवा.
आधी खारट, मग गोड,
मग बराच वेळ दोन्ही नाही.

सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
थांब, बोलू नकोस.
हा मध्ये एक गेला.
नाही.
मीच चुकले, तू नाही चुकलास.
हात काढू नकोस,
काटा बारावर येऊ दे.