कोणाकडून

जुन्या सेटला खरखर होती.
त्या खरखरीत एकवीस वर्षं कान घालून बसले मी
आणि माणूस तोंड उघडायच्या आधी कळायचं
तो कुठं उभाय :
शिरोली नाक्यावर असला तर ट्रकांची घरघर,
गंगावेशीत असला तर पहाटेच्या कट्ट्यावर
चरवीत पडणाऱ्या धारा,
जोतिबाच्या वाटेवर असला तर नुसता वारा,
वाऱ्याच्या पोटात थोडासा पोलीस.

मग डिजिटल आलं.
कंपनीचा पोरगा आला, काखेत लॅपटॉप, पायात ओले बूट.
म्हणाला, मॅडम, आता गोंगाट नाही,
यंत्र माणसाचा आवाज तेवढा उचलतं,
बाकीचं गाळून टाकतं.
म्हटलं, आणि सिग्नल कमी पडला तर?
तर काहीच येत नाही.
एक तर अख्खं, नाहीतर काहीच नाही.
मनात म्हटलं, म्हणजे आमच्या सासऱ्यांसारखं.

त्या रात्री राजाराम बंधाऱ्यावर सत्तेचाळीस फूट.
आंबेवाडी, चिखली, दोन्हीकडची वीज गेलेली.
पोलीस, अग्निशमन, तहसील
पहिल्यांदाच एका पडद्यावर बोलत होते
आणि तरी कुणाच्या पायात कुणाचा पाय नव्हता.
हे कबूल करायला हवं.

नेजदारचा आवाज बोटीतून आला तो इतका स्वच्छ
की भीती वाटली.
धुऊन, इस्त्री करून पाठवल्यासारखा.
ना इंजिन, ना पाऊस, ना पाणी.
"कंट्रोल, तातोबा मगदूम छपरावर हाय,
म्हसरं सोडून यायला तयार न्हाई. ओव्हर."

ओव्हर म्हणजे संपलं, असं नव्या पोरांना वाटतं.
ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल.
मी बोलले.
नेजदार, ऐकताय का?
नेजदार, आहात का? ओव्हर.

पूर्वी काही नाही, यालाही खरखर असायची.
अंधारात भिंत चाचपावी
तसं तिला धरून बसता यायचं.
आता काही नाही म्हणजे
काहीच नाही.
नकाशावरचा ठिपका अर्ध्या तासापूर्वीचा, शिळा.
नेजदार, आहात का?

तीन वाजून बारा मिनिटांनी पडदा लाल झाला.
सेट चव्वेचाळीस सतरा.
त्याच्या डोक्यावर एक नारिंगी बटण असतं,
ते दाबलं की माइक दहा सेकंद उघडा राहतो,
बोललात तरी, न बोललात तरी.
आठ सेकंद कोरी.
नवव्याला कुणीतरी
जड, ओल्या घशातनं म्हणालं,
हो.

एवढ्या एका अक्षरावर मी दुसरी बोट काढली,
खाडेला झोपेतून उठवून, शिव्या खाऊन,
तातोबाच्या गोठ्याकडं.

सकाळी नेजदार आला.
बोटं सुजलेली, अंगाला शेण आणि डिझेलचा वास.
सेट टेबलावर ठेवला, त्यातून चमचाभर नदी सांडली.
विचारलं, एवढंच का बोललात, हो?
तर माझ्याकडं बघत राहिला.
"मी कवा बोललो? बोट उलटल्यावर मी आंब्याला धरून हुतो.
सेट तातोबाच्या गळ्यात अडकवला हुता आधीच.
आनि त्यो तर मुका झाल्यागत
म्हशीला मिठी मारून बसल्याला."

कंपनीच्या पोराला फोन लावला.
तो आधी हसला, मग गप्प झाला.
म्हणाला, मॅडम, यंत्राला माणसाशिवाय काही ठाऊकच नाही.
म्हैस रेकली, तरी ते त्यात माणूसच शोधणार,
आणि तसाच पाठवणार.

नोंदवहीत लिहिलंय :
वेळ ०३.१२. मजकूर : हो.
'कोणाकडून' हा रकाना कोरा का,
साहेबांनी दोनदा विचारलं.
भरते म्हटलं, सर.

तातोबाला फोन करून
तिचं नाव तेवढं विचारायचं राहिलंय.