पायबंद

मला तारखा आठवत नाहीत, वळणं आठवतात.
दोलोनच्या खिंडीत कामाझ तापून उभा होता,
बॉनेटवर पडलेलं बर्फ चरचरत होतं,
तेव्हा बुरुलचाचा फोन आला:
दिवस गेलेत.
मी म्हटलं, हो ना, सत्तावीस.
मग रेंज गेली, आणि मला कळलं
ती कसले दिवस म्हणत होती.

नारीनच्या दवाखान्यातली डॉक्टरीण उलझान
डिझेलच्या पावतीमागे पेन टेकवून समजवायची:
एकाच्या दोन, दोनाच्या चार,
पुढे मोजणं सोडून द्यायचं.
बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय हलायला लागतं.
ना धड डोकं, ना पाय,
कुणासाठी धडधडतंय ते त्यालाच ठाऊक नाही.
मी इंजिनवाला माणूस. मला पटलं.
आधी इंजिन. मग बाकीची गाडी.

हात सुरुवातीला वल्ह्यांसारखे असतात, म्हणाली,
चपटे, बिनबोटांचे.
मधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात.
"म्हणजे बोटं फुटत नाहीत?"
"मधलं गळून जातं."
हे वाक्य मी अट-बाशीपर्यंत घोकत गेलो.

पाचव्या महिन्यात
त्या वीतभर पोरीच्या आत तिची स्वतःची बीजं तयार होती,
आयुष्यभराला पुरून उरतील इतकी.
बुरुलचा एकटीच जेवायला बसायची
आणि त्या एका ताटावर तिघी असायच्या.
तिसरी अर्धीच.

नाळ कापली तेव्हा मी तोरुगार्तच्या नाक्यावर
शिक्क्यासाठी रांगेत होतो.
घरी पोचलो तर टाळू लपलपत होती,
कवटीची हाडं
नव्या वस्तीतल्या शेजाऱ्यांसारखी, अजून बोलणं नसलेली.
मी तळहात वर धरला. टेकवला नाही.
एवढ्या पातळ छताखाली कुणी राहतं?

तेराव्या महिन्यात बेगायिम उभी राहिली.
तेव्हा मात्र मी होतो.
दोन्ही घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोर,
लांबून गावची पोरं धावत आली,
पहिला आला तो असानकुलचा शेंबडा नातू,
एक बूट पायात, एक वाटेत कुठंतरी.
त्यानं सुरी घातली. दोर तुटला.
आणि ती पडली.
सगळे हसले. बोर्सोक उधळले.
मी तो तुकडा उचलून खिशात टाकला,
तोवर ती उठून
उलट्याच दिशेला चालायला लागली होती.

सहाव्या वर्षी जबड्याचा एक्स-रे काढला:
दुधाच्या दातांमागे दुसरी रांग,
तोरुगार्तच्या ट्रकांसारखी मुकाट,
पुढचा हलेपर्यंत इंजिन बंद करून.

मग सहा-सात वर्षं मी नीट बघितली नाहीत.
हप्ते होते.

तेराव्या वर्षी दाराला आतून कडी लागली.
कोटाच्या बाह्या आखडल्या,
मनगटं बाहेर आली, कुणा तिऱ्हाईताची वाटावीत अशी.
दुपारपर्यंत झोप, मग मेंढ्यांवर राग,
आईवर राग, गवतावर राग.
एकदा माझ्या थर्मासला लाथ मारली, आणि स्वतःच रडली.
उलझानचे केस तोवर पांढरे झाले होते.
"मेंदूत छाटणी चाललीय," म्हणाली,
"वापरात नसलेले धागे तुटतात."
"पुन्हा मधलंच गळतंय?"
ती हसली. पावती मागितली नाही.

परवा खिंड उतरताना ती शेजारी होती,
कानात गाणी, तोंड काचेकडे.
आरशाला टांगलेल्या लोकरीवर बोट ठेवून विचारलं,
"हे काय आहे?"
"तुझा पायबंद."
तिनं तो घोट्याला लावून बघितला. पुरेना.
मग मनगटाभोवती एक वेढा घेतला
आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या दातांनी
गाठ आवळली.

मी रस्त्यावरच बघत होतो.
खाली ओत्तुकचे दिवे लागले होते.
उतार बराच होता. गिअर खाली घेतला.