खोल बाजू

नोटीस लागली तो मंगळवार.
मी दूध घेऊन परतत होते.
फाटकाला नवं कुलूप, त्यावर दुकानाची किंमत अजून चिकटलेली,
आणि शेजारी कागद: भिंतीला तडा गेल्यामुळे
तलाव कायमचा बंद करण्यात येत आहे.
"कायमचा" हा शब्द मागाहून, पेनाने घातलेला.

मी त्या पाण्यात कधी उतरले नव्हते.
आधीच सांगते, कारण पुढे सगळ्यांनी तेच विचारलं.
लग्न होऊन आले तेव्हापासून खिडकीखाली हा तलाव,
झरीचं पाणी, चिऱ्याची भिंत,
दगडी तोंड फुटल्यावर पंचायतीने बसवलेला निळा पाइप.
मला पोरं दिसत नाहीत खिडकीतून, नुसती ऐकू येतात:
उडी,
मग डोकं वर येईपर्यंतची शांतता.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात,
ती शांतता मात्र लांबली की विळीवरचा हात थांबतो.

दुलबा फडत्यांनी दोनशेपानी वही आणून दिली.
अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं,
सुक्या नारळांची जोडी काखेत बांधून,
आणि आता त्यांना पायऱ्यासुद्धा उतरवत नाहीत.
"तू पोस्टाची आरडी गोळा करतेस," म्हणाले,
"तुला दारं उघडतात."

उघडली. माशेलच्या रस्त्यापासून वरच्या वाड्यापर्यंत.
व्हितोरीनने चष्मा शोधण्यात पाऊण तास घालवला
आणि सही केली ती हप्त्याच्या रकान्यात.
उपसरपंचांचा मेहुणा म्हणाला,
जत्रेला गाड्या लावायच्या कुठे, ते आधी सांग.
मला सांगता आलं नाही. प्रश्न तसा बरोबरच होता.

शेवटचं घर प्रेमावतीचं.
डिचोलीकडची ती, खाणीच्या गावातली.
तिचा थोरला खंदकात गेला, ते पाणी हिरवंगार असतं
आणि काठ असा नसतोच त्याला.
मी दारातून मागे फिरणार होते.
तिने वही ओढून घेतली, स्वतःचं नाव लिहिलं,
खालच्या ओळीत त्याचं लिहिलं, वय चौदा.
"तिथे शिकवायला कोणी नव्हतं," एवढंच बोलली,
आणि मला चहा घ्यायला लावला.
ती ओळ खोडायची की ठेवायची, नियम मला माहीत नाही.
मी ठेवली.

ग्रामसभा रविवारी, साडेदहाला.
पंखे दोन, त्यातला एक सरपंचांवर.
तीनशे अकरा सह्या, मी वही टेबलावर ठेवली
तर त्यांनी ती उघडलीच नाही, हसत विचारलं,
"बाय, तुका पेंवपाक येता?"
"ना."
सगळी खोली हसली. मीही हसले, काय करणार.
तेवढ्यात मागून व्हितोरीन उठली, काठी सावरत:
"म्हाकाय येना."
मग कुष्टा न्हावी. मग दोन सुना, एकमेकींना ढकलत.
मग बँकेतला तो अबोल मुलगा,
ज्याला सगळे पट्टीचा पोहणारा समजत होते.
ज्यांना येत नव्हतं ते एकेक करून उभे राहिले,
आणि मला वाटतं सरपंचांची पत्नीही,
पण ती पदर नीट करत होती असंही म्हणतात.

निकाल काही लागला नाही.
चवथीनंतर इंजिनिअर येऊन भिंत बघणार.
नोटीस तिथेच आहे, फक्त "कायमचा" वर रेघ
आणि वर बारीक अक्षरात: तात्पुरता.
अक्षर तेच, पेन तेच.
कुलूपही आहे. पोरं भिंतीवरून जातात,
मी खिडकी लावून घेत नाही.

काल दुलबांचा नातू नारळांची जोडी देऊन गेला.
सुंभ नवं आहे, गाठ त्यांनी स्वतः मारलीय,
सोडवून पाहिली तर सुटत नाही.
सध्या ती फ्रिजच्या मागच्या खुंटीला टांगली आहे,
माझ्या मापाची.