डी-सातचा खळगा

सटवाजी खंदारे, वय एकसष्ट, वसमत तालुका.
फाल्गुनात हळद शिजवताना
कढईतलं उकळतं पाणी उजव्या पावलावर सांडलं.
साखर आधीपासून होतीच अंगात.
चौथ्या महिन्यात त्यांच्या जखमेतला पू
कापसाच्या काडीवर बसून
नांदेडला माझ्या टेबलावर आला,
नळीवर नाव, नंबर, वॉर्ड.

औषधाच्या सहा चकत्या ठेवल्या ताटलीत.
सहाही चकत्यांभोवती जंतू मेले,
गोल, स्वच्छ अंगणं उमटली.
कागदावर सगळं ठीक होतं.
पायावर नव्हतं.

लहानपणी रांजण घासायचं काम माझ्याकडे.
खांद्यापर्यंत हात आत, मुठीत नारळाची शेंडी,
आणि बोटांखाली तो बुळबुळीत थर,
पाणी कितीही ओता, जागचा हलायचा नाही.
आई म्हणायची, रांजणाला साय धरलीय.

जखमेलाही धरते.
सुटा जंतू औषधाला भितो.
म्हणून ते एकमेकांना हाका घालतात,
आवाज नसलेल्या, रेणूंच्या हाका.
पुरेसे जमले की आपल्याच लाळेनं
भिंत लिंपतात आणि आत बसतात.
औषध दारावरून परत जातं.

'आत बसून काय बोलायलेत त्ये?'
सटवाजींनी विचारलं होतं, रिपोर्ट न्यायला आले तेव्हा.
मी म्हटलं, हेच की आपण किती जण आहोत.
ते बराच वेळ पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत राहिले.
पुढच्या खेपेला उपरण्याच्या गाठीत
चार हळकुंडं घेऊन आले.

कुटली, अल्कोहोलात भिजवली, गाळली, आटवली.
दोन दिवस नखं पिवळी.
'लगीन कुणाचं?' खालच्या मुनीर चहावाल्यानं विचारलं.

शहाण्णव खळग्यांची प्लेट.
ए ओळीत नुसते जंतू. बी-त औषध.
सी-त हळदीचा अर्क.
डी-त दोन्ही, थेंब मोजून, वाढत्या क्रमानं.
रात्रभर सदतीस अंशांवर.
सकाळी धुतलं, जांभळा रंग ओतला, पुन्हा धुतलं.
भिंत जिथे उभी, तिथे रंग टिकतो.

ए पिकल्या जांभळासारखी.
बी तशीच.
सी जराशी फिकी, डोळ्यांचा भास म्हणावा इतकी.
डी चारपासून विरत गेली
आणि सातव्या खळग्यात काहीच नव्हतं.
प्लेटखाली कालचा पेपर, बाजारभावाचं पान.
खळग्याच्या तळातून दोनच अक्षरं दिसली:
हळ

वॉर्डात धावत गेले, सांगितलं.
सटवाजी म्हणाले,
'हळद तर म्या पयल्याच दिशी दाबून भरली व्हती, बाई.'

आता काय सांगणार.
ती पाण्यात विरघळत नाही म्हणून?
डब्यातल्या भुकटीत मातीही असते म्हणून?
माझा खळगा ज्वारीच्या चार दाण्यांएवढा
आणि तुमच्या पायात रक्त वाहतं, वाहायला हवं तेवढं नाही, म्हणून?
म्हटलं, मामा, ती मारत नाही कुणाला.
फक्त बहिरं करते.
मारायला औषधच लागतं. दोघं एकाच वेळी, मोजून.
आणि हे अजून काचेतलंच आहे.

'म्हंजे आमच्या मंडळीवानी,' ते म्हणाले.
'सोता भांडत नाय,
पर घरात कुणाला कुणाचं ऐकूबी येऊ देत नाय.'
शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला.
मंडळी दारातच उभी होती, हातात डबा.

मंगळवारी त्यांची दोन बोटं काढली.
साय खरवडली पात्यानं, जुन्याच रीतीनं.
मी प्रयोग पुन्हा लावला. पुन्हा.
हळकुंडं संपली.
तिसऱ्या वेळी डी-सातला
एक बारीक जांभळी कडा आली.

तीही वहीत लिहिली.