कथित वास

पुएर्तो रेमान्सोला रात्री अकरानंतर वास सुटतो.
चिलीच्या नकाशात टाचणी टोचायलाही जागा नाही एवढं गाव,
पण मासळीचं पीठ करणारा कारखाना मोठा.
खिडक्या लावल्या तरी वास उशीच्या अभ्र्यात शिरतो.
आमच्या पेपरात तो 'कथित वास' असा येतो.

'कथित' मी घालते.
एकोणीस वर्षं रात्रपाळीला हेच काम,
दुसऱ्यांच्या वाक्यांचे कान धरायचं.
'खोटं बोलले' खोडून 'विसंगत माहिती दिली',
'हाकललं' खोडून 'करार संपुष्टात आला',
आणि जिथे काहीच खोडता येत नाही
तिथे, ओठ न हलवता, एक 'म्हणे'.

नोल्बेर्तो म्हणतो, वस्तुनिष्ठ म्हणजे काय गं,
दोन्ही बाजूंना एकेक फोन.
एकाने उचलला नाही तरी बातमी समतोल.
त्याने अठ्ठावन्न संप असे समतोल केले.
घरी मात्र टीव्हीला शिव्या देतो,
त्याची बायको सांगते.

रायेन नवी. तिची मावशी कारखान्यात
पट्ट्यासमोर उभी राहून मासे निवडते.
'मी बघायचं कुठून?' तिने विचारलं, 'छपरावरून?
छप्परसुद्धा कुणाच्या तरी मालकीचं असतं.'
नोल्बेर्तोने मान खाली घालून सँडविच सोडलं.
मला ते वाक्य आवडलं,
पण मी ते छापलं नसतं.

मार्चमध्ये विद्यापीठातून एक मुलगा फॉर्म घेऊन आला.
कामात तुम्हांला किती स्वातंत्र्य आहे,
एक ते पाच.
सगळ्यांनी चारला गोल केला.
गोल करून झाल्यावर नोल्बेर्तोने विचारलं,
यावर नाव दिसणार नाही ना?

संपादक दोन एवारिस्तो खरं तेच सांगतात :
मालकाचा फोन मला आजवर कधी आला नाही.
येणार कशाला.
दावं लांब असलं की बकरीला कुरण आपलंच वाटतं,
आणि शहाणी बकरी
दोरी ताणायच्या एक पाऊल आधीच वळते.
मी किती वळले ते मोजलेलं नाही.
मीठ खाल्लंय. इथे तर हवेतही मीठ आहे.

त्या मंगळवारी रायेनची बातमी साडेअकराला आली.
तिसरीच्या वर्गातली एकतीस मुलं
ओकाऱ्या होऊन घरी पाठवली.
बाईंनी खिडक्यांना ओली फडकी लावली होती.
कारखान्याला दोन फोन केले, वेळेसकट नोंद.
एकही विशेषण नव्हतं. मी शोधलं.
चीड असती तर कापायला बरं पडलं असतं.

'कारखान्याच्या वासामुळे', असं एके ठिकाणी होतं.
मी कर्सर तिथे नेला.
क टाइप केला.
बाहेर कुणीतरी दार उघडलं आणि आत आला
तो, ज्याच्याबद्दल लिहिलं होतं,
नाकातून थेट घशात.
मी उठले नाही, रडले नाही, कुणाची बाजू घेतली नाही.
फक्त क पुसला.

सकाळी फोन वाजला नाही.
दुपारीही नाही.
गुरुवारी पाचव्या पानावरची
कारखान्याची अर्धं पान जाहिरात नव्हती.
तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मोठ्या टाइपात,
आजीबाईंनाही चष्म्याविना वाचता येईल असं.

दोन एवारिस्तो माझ्या टेबलापाशी थांबले.
'कथित' राहून गेलं का, ओफेलिया?
राहून गेलं, मी म्हणाले.
कर्त्याशिवायचं वाक्य.
त्यांना ते कळलं, मला ते कळलेलं कळलं.
त्यांनी खिडकी उघडली,
क्षणभर उभे राहिले,
लावून घेतली.

रायेनने विचारलं, काही बोलले का?
मी म्हटलं, हवेबद्दल बोलले.