सरवा

नारिन नदीवरच्या जुन्या पुलाच्या पोटाखाली
बुरुलाई फळीवर उताणी पडली आहे.
दातांत पक्कड, तळव्यावर सरस,
जो ऑक्टोबरच्या या गारठ्यात
सुकायचं नाव घेत नाही.

पट्टी बोटाएवढी, सिरॅमिकची.
वाकली की वीज देते.
देते म्हणजे काय, मुंगीनं शिंकावं इतकी.
वरून कोळशाचा ट्रक गेला की पूल कण्हतो;
ते कण्हणं आजवर नदीत वाया जात होतं.

मालकानं पीक उचलून नेलं,
मळणी झाली, कणगी भरली,
मागे रानात चार दाणे राहिले,
तसा हा सरवा.
ट्रकचं डिझेल ट्रकला लखलाभ.
ही फक्त सांडलेलं वेचते.

पट्टीशेजारी डबी, काडेपेटीच्या मापाची.
तिच्यात थरथर पै-पै साठते, थोडी गळतेही.
चाळीसेक ट्रक झाले की डबी जागी होते,
जोडाची फट मोजते,
एक आकडा कचेरीत धाडते
आणि पुन्हा डोळे मिटते.

खाली दोर धरून तोक्तोसून उभा.
रस्तेखात्यात बत्तीस वर्षं.
त्याला यातलं काही पटलेलं नाही.
"दोन बॅटऱ्या टाक नि मोकळी हो."
"बॅटऱ्या मरतात, आबा. जानेवारीत बदलायला
कोण चढणार इथं? तुम्ही?"

तो दोराला उगाच एक वेढा देतो.
मग म्हणतो, "आमच्या चराईवर एक कंदील होता."

रॉकेलचा. काचेवर
पत्र्याच्या पाकळ्यांची टोपी.
आतून ज्योतीची धग, बाहेरून तंबूतली हवा,
दोघींच्या मधल्या अंतरावर
रेडिओ बोलायचा.
नुसत्या धगीवर नाही बरं का.
चूल पेटली, तंबू उबदार झाला
की निवेदकाचा आवाज बारीक होत होत
विहिरीत बुडल्यासारखा व्हायचा.
मग आई उठून दाराचा नमदा वर करायची.
बर्फाचा झोत आत. आम्ही भावंडं
एका कातड्याखाली कुडकुडत,
आणि निवेदक खणखणीत:
उद्या खिंडीत वादळ.

"बातमी ऐकायची
तर थंडी घरात घ्यावी लागे," तो म्हणाला.
बुरुलाईनं पक्कड दातांतून काढली.
पण बोलली काहीच नाही.

*

जानेवारी. दरड आली, बर्फाची,
घाट बंद.
एक दिवस आकडा नाही. चार दिवस नाही.
एकोणीस.
कचेरीतल्या कारकुनानं रजिस्टरात
शाईनं लिहून टाकलं: बिघाड.
"बिघडलं नाहीये," बुरुलाई म्हणाली,
"उपाशी आहे."
कारकुनानं चहात साखर ढवळली.
उपाशी, असा रकाना त्याच्याकडे नव्हता.

विसाव्या रात्री, तीन वाजून अकरा मिनिटांनी,
आकडा आला.
फट नेहमीएवढीच, पूल धड.
पण ट्रक तर एकही नाही.
मग पुलाला हलवलं कुणी?

उजाडताच ती जीप घेऊन निघाली,
शेवटचा मैल पायी, गुडघाभर बर्फात.
पुलावर माणूस नव्हतं.
बर्फ तुडवून तुडवून राखाडी झालेला,
एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत
खूरच खूर,
लिदीचे गोळे अजून पुरते गोठलेले नाहीत.
दोनशे तरी असतील. की तीनशे.
कुणीतरी अंधारात, शिट्टी घालत,
अख्खा कळप धावत पलीकडे नेला होता,
जिथं गवत वाऱ्यानं उघडं पडतं.
वरच्या चराईचे असतील.
तोक्तोसूनला विचारायला हवं.

ती फळकुटांवर हात टेकून खाली वाकली.
काडेपेटीएवढी ती डबी
हिमाच्या मिशा लावून
गाढ झोपली होती.

दुपारी कचेरीत परतल्यावर तिनं
कारकुनाचंच पेन उचललं,
बिघाड या शब्दावर आडवी रेघ मारली,
आणि कारणाच्या रकान्यात, जरा वाकड्या अक्षरात,
बोटं अजून बधिर होती म्हणून,
लिहिलं:
घोडे.