सी-दोन-चार

पहिल्या दिवशी शिकलगार मामूनं
माझ्या हातात स्कॅनर दिला नाही, खडू दिला.
"आधी फरशीवर बाण काढ, कस्तुरा.
माल कुठनं येतो, कुठनं जातो.
दोन बाण एकमेकांवर आपटले
की समज, संध्याकाळी भांडण."

शिरोलीचं गोडाऊन. तापल्या पत्र्याखाली
एका अंगाला पंपांचे बिडाचे भाग,
दुसऱ्या अंगाला सलाईनचे खोके,
मधल्या ओळीत तान्ह्या पोरांची दूध पावडर.
जड ते खाली, हलकं ते वर.
रोज लागतं ते दाराजवळ,
वर्षातनं एकदा लागतं ते मागं अंधारात,
जत्रेला काढायच्या हंड्यासारखं.
पावडरीच्या ओळीत सगळ्यात खालचा कप्पा मात्र मोकळाच.
का, ते विचारावं लागलं नाही.
भिंतीवर, माझ्या गुडघ्याच्या वर,
पुराची तपकिरी रेघ होती.

माल उतरला की मोजायचा.
बिलावर लिहिलाय तो नव्हे, उतरलाय तो.
"कागद गोड बोलतो," मामू म्हणायचा,
"खोकं खरं बोलतं."
कोपरा चेपलेला दिसला तर सही थांबवायची.
ड्रायव्हरला चहा पाजायचा,
वाटलं तर दोनदा पाजायचा,
सही नाही.

जो आधी आला तो आधी जाणार,
म्हणून नवा माल मागं, जुना पुढं.
औषधांचं जरा निराळं:
ज्याची तारीख आधी संपते तो आधी निघणार,
मग तो कालच का आलेला असेना.
हे ऐकून मी गप्प झाले.
"अगं, खोक्याचं सांगतोय," मामू म्हणाला, "माणसाचं न्हवं."

तिसऱ्या आठवड्यात मोजणी निघाली.
कॉम्प्युटर म्हणे एक्केचाळीस,
रॅक म्हणे चाळीस.
दूध पावडरीचा एक खोका.
मी म्हटलं, एकच की.
मामूनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
"त्या एकासाठी गारगोटीत
एक मेडिकलवाला शटर अर्धं ओढून बसला असंल.
त्याच्यासाठी एकच म्हंजे सगळं."

मग शोधाशोध. शिडी आली, बॅटरी आली.
कुणी काही बोललं नाही,
पण सगळ्यांची नजर एकदा तरी
तातोबा हमालाच्या पिशवीवरनं फिरली. माझीही.
तातोबानं कुणी न सांगताच पिशवी उलटी केली:
डबा, टॉवेल, बिडीचं बंडल.
डब्याचं झाकणसुद्धा काढून दाखवलं.
भाकरी. खर्डा. एक कांदा.

खोका सापडला साडेपाचला.
सी-चार-दोनमध्ये, सलाईनच्या आड.
वर चिकटवलेली पट्टी माझी.
अक्षर माझं.
जागा होती सी-दोन-चार.

मी खोका कडेवर घेऊन खाली उतरले,
लेकरू घ्यावं तसा.
"माझ्याकडनं झालं," इतकंच बोलता आलं,
तेही मामूकडं बघून. तातोबाकडं बघवलं नाही.
तोच म्हणाला, "घावलं न्हवं? मग झालं."
आणि डब्याचं झाकण लावलं.
ते एका दाबात बसलं नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी गेटपास फाटला.
गारगोटीचा टेम्पो माझ्या खडूच्या बाणावरनं
हायवेकडं वळला. बाण निम्मा पुसला.
सकाळी मी तो परत काढला.

आता माल लावताना कप्प्याचा नंबर
मी मोठ्यानं म्हणते. दोनदा.
मामू म्हणतो, ही पद्धत कुठल्या पुस्तकात नाही,
पण ऱ्हाऊ दे.
"सी-दोन-चार!"
आणि पलीकडच्या ओळीतनं, पाठीवर पोतं असतानाही,
तातोबा शाळेतल्या पोरासारखा ओरडतो,
"हजर!"